वैयावृत्त्याला विधी हवा

आपल्या धर्मात तपाचे बारा भेद सांगितले आहेत. सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. बाह्य तपांविषयी आपल्या समाजाला स्वाभाविकच मोठा आदर आहे. अठ्ठाई, मासखमण, वर्षीतप करणाऱ्या तपस्व्यांची मिरवणूक निघते, पारण्याला आप्तेष्ट जमतात, अनुमोदनेची नावे छापली जातात. ते योग्यच आहे. परंतु आभ्यंतर तपांमध्ये प्रायश्चित्त आणि विनय यांच्या पाठोपाठ ज्याला स्थान दिले आहे, त्या वैयावृत्त्याची मिरवणूक कोठेही निघत नाही. ते बंद दाराआड, मध्यरात्री, एखाद्या रुग्णाच्या उशाशी घडत असते.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात वैयावृत्त्याला पात्र अशा दहांची गणना केली आहे. त्यांत आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्याबरोबरच 'ग्लान', म्हणजे रोगाने क्षीण झालेला, याचाही समावेश आहे. मूळ संदर्भ मुनिसंघाचा असला, तरी ज्या गृहस्थाच्या घरात वृद्ध माता-पिता अंथरुणाला खिळले आहेत, त्याला हा ग्लान शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

पूर्वी वाड्यात तीन पिढ्या एकत्र नांदत. एक आजारी पडला तर दहा हात पुढे येत. आज एक मुलगा पेढीवर, दुसरा बंगळुरूला, मुलगी सासरी, आणि घरात साठीची सून एकटी ऐंशी वर्षांच्या सासऱ्यांची सेवा करते, हे चित्र आपल्या पेठांमधून सर्रास दिसते. अर्धांगवायू झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड असते आणि कानात डॉक्टरांचे एक वाक्य असते, "आता घरी नीट सेवा करा." ही 'नीट सेवा' म्हणजे नेमके काय, हे मात्र घरातील कोणालाच ठाऊक नसते. प्रेम असते, पैसा असतो, पुण्यभावनाही असते. नसतो तो विधी. आणि विधीवाचून केलेली सेवा पुष्कळदा रुग्णाला इजा करून जाते. मायेने ओढून बसवताना पाठीची त्वचा सोलते. काळजीपोटी झोपेत पाजलेले पाणी श्वासनलिकेत उतरते.

हा विधी शिकवणारे शास्त्र आहे आणि ते परिचारिकेच्या शिक्षणाच्या पहिल्या काही महिन्यांतच शिकवले जाते. आपल्या देशात भारतीय परिचर्या परिषदेने ठरवून दिलेला एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. या तिन्हींची सुरुवात एकाच पायावर होते. हात कसे धुवावेत, शय्या कशी घालावी, रुग्णाची कूस कशी बदलावी, त्याला कसे भरवावे, काय मोजावे आणि काय लिहून ठेवावे, हे ते प्राथमिक पाठ होत. बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी हे पाठ आत्मसात करते. मग लाखोंचे व्यवहार सांभाळणाऱ्या आपल्या घरांना ते अवघड का जावेत?

अठ्ठेचाळीस निर्यापकांची कामवाटणी

सेवा म्हणजे केवळ करुणा नव्हे, ती शिस्तबद्ध कार्यपद्धती आहे, हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेला नाही. शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या प्राचीन ग्रंथात समाधिमरण स्वीकारलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी अठ्ठेचाळीस निर्यापक मुनींची योजना सांगितली आहे. त्यांना चार-चारांच्या गटांत विभागलेले आहे. काहींनी क्षपकाला उठवणे, बसवणे, कूस बदलवणे हे पाहायचे. काहींनी आहार-पानाची व्यवस्था. काहींनी मलमूत्र दूर करून शय्या शुद्ध ठेवायची. काहींनी रात्री जागरण करायचे, तर काहींनी धर्मकथा ऐकवायची. इतके मुनी उपलब्ध नसतील तर संख्या कमी करत जावी, परंतु दोहोंपेक्षा कमी असू नये, असाही निर्देश आहे.

ही योजना वाचताना आधुनिक रुग्णालयातील पाळीपत्रकाची आठवण होते. तेथे एकट्यावर सर्व भार नाही, प्रत्येकाचे काम ठरलेले आहे, रात्रपाळी स्वतंत्र आहे, आणि मल साफ करणाऱ्याचे काम धर्मकथा सांगणाऱ्याच्या कामाच्याच पंक्तीत बसवले आहे. आपल्या घरांत मात्र सगळ्या पाळ्या एकाच सुनेच्या वाट्याला येतात आणि मुलगे संध्याकाळी 'कसं काय, बाबा?' एवढे विचारून हिशेबाला बसतात.

किळस हा पहिला अडथळा असतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी निर्विचिकित्सा या अंगासाठी उद्दायन राजाची कथा सांगतात. रोगी मुनीचे रूप घेऊन आलेल्या देवाने आहारानंतर राजाच्या अंगावर वमन केले. राजाने तोंड न फिरवता, उलट आपल्याच आहारदानात काही दोष राहिला असेल का याची चिंता करत त्याचे शरीर स्वच्छ केले. ही कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. तिचा प्रयोग बेडपॅन उचलताना करायचा असतो.

हात आणि पाणी

परिचर्येचा पहिला पाठ हात धुण्याचा आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी, शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा जंतूंचा सिद्धांतही प्रस्थापित झालेला नव्हता. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार साबण-पाण्याने हात धुण्याची पूर्ण क्रिया चाळीस ते साठ सेकंदांची आहे. तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके, यांपैकी अंगठे आणि नखे बहुतेकांकडून राहून जातात.

रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, भरवण्यापूर्वी, औषध देण्यापूर्वी, मलमूत्र स्वच्छ केल्यानंतर आणि हातमोजे काढल्यानंतरही हात धुवावेत. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज संपली, हा समज चुकीचा आहे. अप्काय जीवांची जयणा पाळणाऱ्यांनी साबण चोळताना नळ बंद ठेवावा. जयणा आणि स्वच्छता यांत विरोध नाही. अंगठ्या आणि बांगड्यांखाली मळ राहतो, म्हणून सेवेच्या वेळी त्या काढून ठेवाव्यात.

दर दोन तासांनी कूस

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शय्याव्रण, ज्याला बोलण्यात बेडसोअर म्हणतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत हालचाल करतो. रुग्णाला ते जमत नाही. शरीराचा भार एकाच जागी राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा चिमटली जाते, तेथील रक्तप्रवाह रोखला जातो आणि काही तासांतच ऊतींना इजा सुरू होते. माकडहाड, टाचा, खुब्याचे बाजूचे हाड, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग या जागा रोज उजेडात पाहाव्यात.

त्वचा लाल दिसली तर त्यावर बोट दाबून सोडावे. जागा क्षणभर फिकट होऊन पुन्हा लाल झाली तर रक्तप्रवाह शाबूत आहे. दाबूनही लाली हटली नाही, तर ती व्रणाची पहिली पायरी समजावी आणि त्या कुशीवर रुग्णाला ठेवू नये. सावळ्या वर्णावर लाली दिसत नाही. तेथे ती जागा आसपासच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे पाहावे.

यासाठी पुस्तकातला नियम सोपा आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. उताणे, डावी कूस, उजवी कूस असा क्रम ठेवावा. कुशीवर वळवताना पूर्ण आडवे न करता पाठीला उशी देऊन साधारण तीस अंश कलते ठेवावे, म्हणजे खुब्याच्या हाडावर थेट भार येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवावी. पोटऱ्यांखाली उशी दिली की टाचा अधांतरी राहतात. रुग्णाला वर सरकवायचे असेल तर काखेत हात घालून ओढू नये. कमरेखाली दुहेरी घडीची आडवी चादर कायम घालून ठेवावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून उचलावे. लाल झालेली जागा चोळू नये, कारण आतील नाजूक ऊती त्याने अधिक फाटतात. मध्ये भोक असलेली रबरी रिंग आता वापरू नये असे सांगतात. तिच्या कडेने रक्तप्रवाह अधिक अडतो. हवेच्या गादीचा उपयोग निश्चित होतो, परंतु ती घेतली म्हणजे कूस बदलण्यातून सुटका झाली असे नाही.

एकट्याने उचलण्याची वेळ आलीच, तर कंबरेतून वाकू नये. पाय थोडे फाकून, गुडघे वाकवून, रुग्णाला आपल्या शरीराजवळ घेऊन मग उचलावे. खुर्चीत बसवताना खुर्ची रुग्णाच्या बळकट बाजूला ठेवावी आणि चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक लावल्याची खात्री करावी. झोपलेल्याला एकदम उभे करू नये. पाय खाली सोडून काही मिनिटे बसू द्यावे, नाहीतर रक्तदाब घसरून तो कोसळण्याची भीती असते.

स्नान आणि लाज

अंथरुणावर स्नान घालणे हा परिचारिकेच्या प्रशिक्षणातील एक संपूर्ण धडा आहे, आणि त्याचे पहिले वाक्य पाण्याविषयी नसून परवानगीविषयी आहे. "आजी, आता अंग पुसून घेऊ या का?" असे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, रुग्ण बेशुद्ध असला तरी आपण काय करणार आहोत ते सांगायचे. दार लावून घ्यावे, पंखा बंद करावा, सर्व अंग चादरीने झाकून जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करावा आणि कोरडा करून लगेच झाकावा.

पाण्याची उष्णता आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूने पाहावी. डोळे नाकाकडील कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला पुसावेत आणि प्रत्येक डोळ्याला कापडाचा निराळा कोपरा वापरावा. त्यानंतर चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ आणि शेवटी गुह्यांग, असा स्वच्छाकडून अस्वच्छाकडे क्रम ठेवावा; शेवटच्या भागासाठी पाणी आणि कापड बदलावे. स्त्री-रुग्णाला नेहमी पुढून मागे पुसावे, म्हणजे मलातील जंतू मूत्रमार्गात जात नाहीत. काखा, स्तनांखालील व जांघेतील वळ्या कोरड्या ठेवाव्यात. डायपर घातलेल्या रुग्णाला ते भरेपर्यंत थांबू नये. ओली त्वचा फार लवकर सोलते.

आयुष्यभर पदर न ढळू देणाऱ्या स्त्रीला परक्या हातांनी उघडे केले जाते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल, याचा विचार घरातील माणसे क्वचित करतात. खोलीत नातवंडे येता-जाता तिला पुसले जाते, पाहुण्यांसमोर डायपरची चर्चा होते. अशा वेळी दुखते ते शरीर नव्हे, मान दुखावतो. झाकलेली चादर हीदेखील अहिंसाच होय.

तोंडाची निगा हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ दिवसातून दोनदा मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने स्वच्छ करावी. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. शुद्ध हरपलेल्या रुग्णाला कुशीवर वळवूनच तोंड पुसावे. तोंडात पाणी ओतू नये.

घास, पाणी आणि पच्चक्खाण

भरवताना रुग्णाला शक्य तितके ताठ बसवावे आणि हनुवटी किंचित खाली झुकवावी. भरवणाऱ्याने समोर बसावे, उभे राहू नये. उभ्याने भरवले की रुग्ण मान वर करतो आणि श्वासनलिकेचे तोंड उघडे पडते. छोटा चमचा, एक घास, गिळल्याची खात्री, मगच दुसरा. अर्धांगवायूच्या रुग्णाला बळकट बाजूने घास द्यावा आणि दुबळ्या गालात अन्न साठले नाही ना, ते पाहावे. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. खाताना ठसका लागणे, आवाज ओलसर-घोगरा होणे, ही अन्न चुकीच्या मार्गाने जात असल्याची लक्षणे आहेत. तेथेच थांबून डॉक्टरांना कळवावे. असा फुफ्फुसदाह वृद्धांच्या मृत्यूचे मोठे कारण ठरतो.

येथे आपल्या आचाराशी निगडित एक प्रश्न स्पष्ट मांडायला हवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारी वृद्ध व्यक्ती पर्युषणात वा दशलक्षण पर्वात उपवास धरते, गोळी मात्र सवयीने दिली जाते, आणि दुपारी घाम सुटून, हातपाय थरथरून भ्रम होऊ लागतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ही चिन्हे होत. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. त्या क्षणी पच्चक्खाण मोडेल का, या विचारात वेळ घालवण्यात जीव जाऊ शकतो. श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानांच्या पाठात आगार ठेवलेले आहेत आणि त्यांत समाधी टिकवण्यासाठीचाही आगार आहे. म्हणून व्रत घेण्यापूर्वीच गुरुमहाराजांना आजार आणि डॉक्टरांना व्रत, दोन्ही सांगावे. चोविहार पाळणाऱ्या रुग्णाच्या औषधांच्या वेळाही अशाच डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्याव्यात; रात्रीची गोळी घरच्यांनी आपल्या मनाने संध्याकाळी हलवू नये.

औषध देताना पाच गोष्टी जुळवण्याची शिस्त विद्यार्थिनींकडून घोकून घेतली जाते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. लेबल तीनदा वाचायचे. कपाटातून काढताना, औषध घेताना आणि परत ठेवताना. गोळी गिळता येत नाही म्हणून ती कुटून देण्यापूर्वी विचारावे, कारण हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या कुटल्या की दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते.

रुग्णाचा रोजमेळ

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव दिव्याशी जोडले गेले आहे. प्रत्यक्षात तिचे मोठे शस्त्र नोंदवही हे होते. १८५४ साली क्रिमियन युद्धात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्यावर, सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरत आहेत हे तिच्या ध्यानात आले आणि पुढे तिने ते आकडे व आकृत्यांनी सरकारपुढे सिद्ध केले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्यत्व दिले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली.

बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला या शास्त्रातील हे अंग विशेष भावते. कीर्द-खतावणीत वाढलेल्या आपल्या घरांना रुग्णाचा रोजमेळ ठेवणे मुळीच जड जाऊ नये. दोनशे पानी वहीत रोजचे एक पान करावे. डावीकडे जमा, म्हणजे पाणी, दूध, ताक, डाळीचे पाणी, सलाईन, जे जे द्रव शरीरात गेले ते मिलिलीटरमध्ये. उजवीकडे नावे, म्हणजे लघवी, उलटी, जुलाब. घरातली वाटी आणि पेला एकदाच मापून त्यावर खूण करावी. प्रौढ माणसाची लघवी तासाला ३० मिलिलीटरपेक्षा कमी पडू लागली, तर डॉक्टरांना कळवण्यास विलंब करू नये. कॅथेटर असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी. तिने जमिनीला टेकू नये, नळीला पीळ पडू नये आणि रुग्णाला हलवताना ती अंगावर ठेवू नये.

त्याच पानावर पाच मोजमापे लिहावीत. प्रौढाचे तापमान ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास असते, १००.४ वा अधिक हा ताप समजावा. नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, बोटावरील यंत्रात ऑक्सिजन साधारण ९५ च्या वर असावा. फुफ्फुसांचा जुना विकार असलेल्यांसाठी डॉक्टर निराळा आकडा सांगतात. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये, कारण सांगितले की तो बदलतो. नाडी धरल्याचा बहाणा करून छातीकडे पाहावे. रक्तदाब घेण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवावे, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मोजताना बोलू नये. एकाच दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याचा कल अधिक बोलका असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

या नोंदींचा एक नियम बँकेतल्याइतकाच कडक आहे. केल्याशिवाय लिहायचे नाही आणि केल्यावर लिहिल्याशिवाय राहायचे नाही. संध्याकाळी बसून दिवसभराचे रकाने एकदम भरणे म्हणजे रोकड न मोजता शिल्लक लिहिणे होय. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला शेवटची कूस कोणती, शेवटचे औषध कोणते, लघवी किती, हे वहीसह सोपवावे. सकाळची गोळी सुनेनेही दिली आणि मावशींनीही दिली, असा दुहेरी व्यवहार या एका सवयीने टळतो.

मर्यादेची जाण हीदेखील परिचर्येतील एक विद्याच आहे. नाकातून नळी घालणे, शिरेतून इंजेक्शन देणे, खोल जखमेची मलमपट्टी करणे, ही कामे प्रशिक्षित परिचारिकेचीच. श्वासाची धाप, अचानक वाकडा झालेला चेहरा, जडावलेली जीभ, छातीतील कळ, न उतरणारा भ्रम यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायात वेळ दवडू नये.

दारात आलेली मावशी

बहुतेक संपन्न घरांत आता ब्यूरोकडून बारा किंवा चोवीस तासांची मावशी येते. तिला कोणते प्रशिक्षण मिळाले आहे, हे कोणी विचारत नाही. दर मात्र घासाघीस करून ठरवला जातो. तिला पहिल्याच दिवशी वही दाखवावी, कूस कशी बदलते ते पाहावे, आणि येत नसेल तर शिकवावे. ते शिकवण्यासाठी घरच्या एका तरी व्यक्तीला आधी ते यायला हवे, हा या साऱ्याचा मथितार्थ.

दुसरी गोष्ट कटू आहे, पण सांगितली पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण चालत नाही, हा आपला आचार. परंतु त्याकरिता जी स्त्री आपल्या आईचे मलमूत्र काढते, तिला तिचा डबा जिन्यात बसून खायला लावणे, हा कोणत्या आगमातला आचार? तिला बसायला जागा, झोपायला चटई, ठरलेल्या वेळी सुट्टी आणि तिच्या नावाने हाक, एवढे तरी दिले पाहिजे. ज्याच्यावर आपल्या ग्लानाचा भार आहे, त्याला ग्लानी येऊ न देणे हा आपल्या विनयाचा भाग आहे.

या व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राने एकदा बदलून दाखवली आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, परिचारिकेचे काम कुलीन घरातील स्त्रियांना कमीपणाचे आहे हा समज झुगारून, घरात कोंडलेल्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या शिक्षणाकडे वळवले. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या समाजात मुलगी सी.ए. झाली की अभिनंदनाचा फलक लागतो आणि नर्सिंगला गेली की कारणे द्यावी लागतात. मुलांसाठीही जीएनएम व बी.एस्सी. नर्सिंगचे दार उघडे आहे, हे तर अनेकांना ठाऊकही नाही.

संघाने काय करावे

येत्या चातुर्मासात प्रत्येक संघाला करता येण्याजोगी तीन कामे सुचवतो. पहिले, प्रवचनानंतर रोज एक तास याप्रमाणे आठ दिवसांचा परिचर्या वर्ग. गावातील नर्सिंग विद्यालयातून एक अनुभवी शिक्षिका मानधन देऊन बोलवावी, एक खाट आणि एक गादी मांडावी, आणि केवळ ऐकण्यावर न थांबता प्रत्येकाने स्वतः कूस बदलून, चादर घालून, रक्तदाब घेऊन पाहावा. अट एकच, प्रत्येक घरातून एक स्त्री आणि एक पुरुष. सेवा ही सुनांची मक्तेदारी नव्हे. पित्याला उचलण्याचे बळ मुलाच्याच बाहूंत अधिक असते.

दुसरे, साहित्याची पेढी. मागेपुढे कलती होणारी खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची, कमोड खुर्ची, वॉकर, ऑक्सिजनचे यंत्र, ही साधने काही महिन्यांपुरती लागतात आणि नंतर माळ्यावर धूळ खातात. अनेक संघांनी अशी पेढी सुरू केली आहे. जेथे नाही तेथे ती व्हावी, आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या वापराचे एक छापील पान द्यावे.

तिसरे, शिष्यवृत्ती. समाजाच्या निधीतून अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणाला मदत मिळते, तशीच नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळावी. आणि ती केवळ आपल्याच समाजापुरती न ठेवता, ज्या मावश्या आपल्या घरी राबतात त्यांच्या मुलींनाही खुली असावी.

उपवासाचा विधी आपण जाणतो, पूजेचा जाणतो, पारण्याला आधी काय घ्यावे तेही जाणतो. वैयावृत्त्य हे तपच आहे, तर त्याचाही विधी शिकायला हवा. बाह्य तपात आपण आपल्या शरीराचा कस लावतो. या तपात दुसऱ्याचे शरीर आपल्या हाती सोपवलेले असते. ते हात धुतलेले असावेत, शिकलेले असावेत, आणि दर दोन तासांनी आठवणीने पुढे यावेत.